म्युनिकच्या जत्रेला आमच्या घरून कोण

ओबरग्राइन, रविवार, १४ जुलै १९७४

क्विरिन,

पत्र उघडून आधी शेवट बघू नकोस. कोणी मेलेलं नाही. घरचं पत्र म्हटलं की तुझ्या मनात तेच येणार, म्हणून आधीच सांगून टाकलं.

अक्षर आफ्राचं, तुझ्या भावजयीचं. बोलणं माझं. ज्या वयात इतर पोरं पाटी धरत होती, त्या वयात मला तिरोलातून डोंगरापलीकडे नेऊन बाजारात उभं केलं होतं. एका शेतकऱ्याने माझे दंड चाचपून बघितले आणि मेंढ्यांमागे लावलं. मेंढ्यांनी मला एक अक्षर शिकवलं नाही. आफ्रा मात्र शिकलेली आहे. तिची अट एकच, तिच्याविरुद्ध काही बोलले तर ती लिहिणार नाही. तेव्हा तिच्या स्वयंपाकाबद्दल या पत्रात तुला काहीच कळायचं नाही. (लिहिलंस का गं? लिहिलं म्हणते. तपासणार कोण!)

काम असं आहे. आपल्या गावच्या पारंपरिक पोशाख मंडळाला यंदा म्युनिकच्या जत्रेच्या मिरवणुकीत चालायचं बोलावणं आलंय. बावीस सप्टेंबर, जत्रेचा पहिला रविवार. बोलावणं आलं त्या दिवसापासून गावात एकाचंही डोकं ठिकाणावर नाही. आपला सुतार श्टाडलर मंडळाचा अध्यक्ष झालाय. तो रोज संध्याकाळी गल्लीतून एकटाच मिरवणुकीसारखा चालतो आणि दोन्ही बाजूंना मान डोलावतो. दोन्ही बाजूंना कोंबड्या असतात. मला फुलांच्या गाडीवर बसवणार आहेत, गावातली सगळ्यांत जुनी बाई म्हणून. मी म्हटलं, चर्चमागचं लिंडनचं झाड माझ्याहून जुनं आहे, ते न्या. पण त्याला पोशाखातलं टोपडं बसत नाही म्हणाले.

तर मिरवणूक संपली की चाळीस माणसं तहानेने व्याकूळ होणार. त्या रविवारी बिअरच्या तंबूत पाय ठेवायला जागा नसते. तू ब्रुअरीचे घोडे हाकतोस, पिंपांची गाडी घेऊन त्या तंबूच्या दाराशी तूच जातोस, मालक तुला नावाने ओळखतो. आमच्यासाठी चार टेबलं धरून ठेव. हे मंडळाचं काम आहे. मी नुसता निरोप पोचवतेय.

आता ताकाला आलेच आहे तर भांडं कशाला लपवू? त्या चाळिसांत काश्परही आहे.

टेबलं कोण धरणार ते त्याला सांगितलेलं नाही. तुम्ही सख्खे भाऊ, पण अकरा वर्षं झाली, एका छपराखाली बसला नाहीत. तुझ्या बापाने शेत धाकट्याच्या नावावर केलं आणि तू नोटरीच्या खोलीतून टोपीसुद्धा न घेता उठून गेलास. बरोबर कोण होतं त्याचा निकाल मी लावत नाही. त्यातला एक जण स्वर्गात आहे, साक्षीला यायचा नाही. बापाला पुरलं त्या दिवशी तू दफनभूमीच्या फाटकाशी उभा राहिलास आणि मर्तिकाच्या जेवणाआधी चालता झालास. तुझ्या वाटणीचं मांस श्टाडलरने खाल्लं, आणि वर आणखी मागितलं.

मला एवढंच हवंय की एकदा, माझ्या डोळ्यांदेखत, तुम्ही दोघांनी एका टेबलाशी बसावं. भाषणं नकोत, गळाभेटी नकोत. बसावं. घरी बोलावलं तर तू येणार नाहीस, आणि तो होऊन तुझ्याकडे जायचा नाही. पण जत्रेत कोणीही कोणाच्या शेजारी बसतं, आणि चाळीस गाववाल्यांसमोर ताडकन उठून जायची लाज वाटते. मी म्हातारी आहे, खुळी नाही.

आफ्राचा हात दुखायला लागलाय. तोंड माझं, ते काही दुखत नाही, पण थांबते.

आईच्या हातच्या तीन फुल्या
× × ×

ओबरग्राइन, रविवार, १८ ऑगस्ट

क्विरिन,

तुझं कार्ड मिळालं. पुढे घोड्याचं चित्र, मागे दोन ओळी. घोड्याच्या खुरात पेन दिलं असतं तर त्याने जास्त लिहिलं असतं. ‘टेबलं मिळतील, नऊच्या आत येऊन धरा. काश्परला माहीत आहे का?’

काश्परला माहीत नाही. आणि तुझ्या त्या ‘नऊच्या आत’ने इथे काय आग लावलीय ते ऐक.

मंडळाची सभा आपल्याच स्वयंपाकघरात भरते, कारण आमची चूल मोठी आणि माझी तक्रार कोणी ऐकत नाही. श्टाडलरने तुझं नाव आणि तो शेवटचा प्रश्न गाळून कार्ड वाचून दाखवलं. मिरवणूक दहाला सुटणार, टेबलं नऊपासून धरायची. म्हणजे चार टेबलांशी चार माणसं सकाळपासून नुसती बसून हवीत.

‘कोण बसेल?’ श्टाडलरने विचारलं.

रे बाबा! एरवी चर्चचं छप्पर शाकारायला माणूस मिळत नाही. सगळ्या पुरुषांचे हात वर. मिरवणुकीत चालायला उरल्या बायका आणि ढोल. ढोलाचीही वेगळी रडकथा आहे. बसवाला म्हणतो, ढोल आत घेणार नाही. ढोलवाला शूस्टर म्हणतो, मग मीही आत येणार नाही. शेवटी ढोलासाठी एक जागा धरली. आता बेकरीवाली लिझल विचारते, ढोलाला जागा मिळते तर माझ्या आईला का नाही? शूस्टर म्हणाला, ‘तुझ्या आईला वाजवून दाखव, मग बघू.’ लिझल अजून त्याला ताजा पाव देत नाही.

त्यात सॉसेजचं आलं. पांढरं सॉसेज बाराची घंटा व्हायच्या आत पोटात गेलं पाहिजे, हे आपल्याकडे दहा आज्ञांच्या खालोखाल. मिरवणूक संपायला एक वाजणार.

‘मग आधी खाऊ,’ शूस्टर म्हणाला.

‘आधी म्हणजे कुठे?’

‘बसमध्ये.’

‘आणि बसमध्ये उकळत्या पाण्याचं पातेलं कोण धरणार? तुझा ढोल?’ ही लिझल.

त्यावर पाद्रीबुवांनी घसा साफ केला. रविवार आहे, आधी प्रार्थना होईल, मग सॉसेज. म्हणजे पहाटे तीनला प्रार्थना, चारला बस. श्टाडलर म्हणाला, ‘देव तीनला उठलेला असतो का?’ पाद्रीबुवा म्हणाले, ‘तो असतो. तुमची मला खात्री नाही.’ एक ना धड, भाराभर चिंध्या. मी मधे तोंड घातलं की म्हणतात, आजी, तुम्ही फक्त गाडीवर बसायचंय. जणू मी लोणच्याची बरणीच.

काश्पर कोपऱ्यात गायीच्या घंटेचा पट्टा शिवत बसला होता. त्याला विचारलं, तू येतोस ना? ‘गायी वरच्या कुरणातून उतरल्या की येतो. त्याआधी मला जत्राबित्रा काही सांगू नका.’ गायी चौदा सप्टेंबरला उतरणार. म्हणजे तो येतो. आफ्राने शपथ घेतलीय की टेबलांबद्दल त्याला एक शब्द बोलणार नाही. ती पलीकडच्या खोऱ्यातली. त्यांच्याकडे शपथ म्हणजे चाळणीत दूध. पण माझ्याकडे दुसरं भांडं नाही.

काश्परबद्दल तू आपणहून विचारलंस. मला ते दिसलं. काही म्हणत नाही.

आई
× × ×

ओबरग्राइन, रविवार, ८ सप्टेंबर

क्विरिन,

ब्ल्यूमल गेली. पुढे मोठी घंटा बांधून कळप उतरवणारी आपली तांबडी गाय. धुक्यात कड्यावरून खाली गेली. काश्परला ती दुसऱ्या दिवशी सापडली. त्याने पट्टा सोडून घंटा घरी आणली आणि तेव्हापासून तो जेवणाशिवाय कशालाही तोंड उघडत नाही.

म्हणजे यंदा मुकुट नाहीत. तुला काय सांगायचं, उन्हाळा सुखरूप गेला तरच गायींच्या डोक्यावर फुलं चढवायची. एक जरी दगावली तर सगळा कळप बोडका उतरतो. आफ्राने आणि तुझ्या पुतणीने महिनाभर बसून कागदाची फुलं केली होती, ती खोक्यात गेली. शेजाऱ्यांचे कळप नवरीसारखे नटून उतरतील आणि आपले मान खाली घालून.

एवढंच असतं तर मी एक दिवस रडले असते आणि कामाला लागले असते. पण आता काश्पर म्हणतो, ‘बोडक्या कळपाच्या घराने जत्रेला जायचं नसतं.’

‘असं कुठे लिहिलंय?’

‘आई, तुला वाचता येत नाही.’

‘म्हणून तर विचारते. लिहिलेलं असतं तर तू दाखवलं असतंस.’

दार आपटून गोठ्यात गेला. संध्याकाळी श्टाडलर टोपी हातात धरून आला. तो टोपी हातात धरतो तेव्हा काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो. ‘आजी, तसं काही नाही, पण फुलांची गाडी आणि बोडका कळप... लोक बोलतील. झेंडा काश्पर धरणार होता, तेही राहिलं म्हणायचं. तुम्हाला राग नाही ना आला?’ मी म्हटलं, राग कशाचा, मी दोन महायुद्धं बघितली, नवरा पुरला, सहा पोरांतली चार पुरली, तेव्हा कोणी मला थांबवलं नाही. आता एका गायीने थांबवलं. चांगली गाय होती.

आणि खरं सांगू? अडचण गायीची नाहीच. आफ्राने नवऱ्याला सांगितलं टेबलं कोण धरतंय ते. (लिही, लिही. थांबलीस का? खरं आहे ते लिही.) ती म्हणते, तोंडातून निसटलं. काश्पर म्हणाला, ‘त्याच्या हातची बिअर मी पिणार नाही.’ मी म्हटलं, हात वाढपिणीचा असतो, ती एकेका हातात पाच-पाच मग घेऊन येते, कुठला कोणाचा ते बघायला तिला वेळ नसतो. तर म्हणतो, गाय मेलीय, मस्करी नको. म्हणजे बघ! आधी गाय मेली म्हणून जायचं नव्हतं. मग तू आहेस म्हणून जायचं नाही. आता तू आहेस हे सांगायला गाय पुढे करतो. हट्ट कोणाकडून आला ते मी म्हणत नाही. तू आरसा बघ.

टेबलं सोडू नकोस.

शनिवारी, चौदाला, गायी उतरवतोय. पुढे चालायला ब्ल्यूमल नाही, म्हणून काश्पर स्वतः पुढे चालणार. मागे कोण चालणार, देव जाणे. आफ्रा एकटी पडेल. हे आपलं मी सहज सांगितलं. सकाळच्या पहिल्या आगगाडीचं मी नावही काढलेलं नाही.

आई
× × ×

ओबरग्राइन, रविवार, १५ सप्टेंबर

क्विरिन,

तू कळपाची मागची बाजू पाहिलीस. पुढची मी सांगते.

मी कारंज्याच्या कठड्यावर बसले होते. आधी शूस्टरच्या भावाच्या गायी गेल्या, डोक्यावर एवढे मनोरे की एकीला दारातून जाताना मान तिरकी करावी लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आपल्या आल्या. टाळ्या थांबल्या. पुढे काश्पर, दात आवळून, रस्त्याकडे बघत. बाया कुजबुजायला लागल्या, मी ऐकत होते. आणि मग कुजबुज एकदम बंद. मला वाटलं पाद्रीबुवा आले. बघते तर कळपामागे तू. ब्रुअरीचा कोट, टोपी काढून काखेत धरलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. पहिल्या गाडीने येऊन थेट वरपर्यंत चढून गेला असशील. केस किती पांढरे झालेत तुझे! टोपी घालत जा.

कारंज्याच्या वळणावर ती धाकटी कालवड भलत्या गल्लीत शिरायला लागली. काश्पर मागे न बघता म्हणाला, ‘डावीकडची सांभाळ, तिला रस्ता माहीत नाही.’

तू म्हणालास, ‘बघतोय.’

झालं. अकरा वर्षांनंतर तुम्ही भाऊ एवढंच बोललात आणि तेही कालवडीबद्दल. श्टाडलर धावत माझ्याकडे आला, ‘बोलले का हो आजी?’ मी म्हटलं, बोलले तर! पोटभर बोलले.

पण तू उंबऱ्यापाशी आलास आणि ‘घोड्यांचं संध्याकाळचं खाणं आहे’ म्हणून तसाच वळलास. मी आलुबुखारचे गोळे उकडले होते. म्युनिकमध्ये घोडे काय फक्त तुझ्याच हातून खातात? तू जाताच मी इतकी चिडले की तुझ्या वाटणीचे सगळे गोळे खाल्ले. रात्रभर पोट दुखलं. ते तुझ्या खात्यावर.

आता घरात काय झालं ते. काश्पर जेवताना पहिल्यांदा बोलला, ‘त्याची पाठ वाकलीय.’

आफ्राने त्याच्या ताटात आणखी वाढलं, न विचारता, हे विशेष.

मग म्हणाला, ‘आपल्या कळपामागे जो चालून जातो, त्याच्या उंबऱ्याला एकदा जाऊन यावं लागतं.’

‘त्याला उंबरा कुठला? तो तबेल्यावर राहतो.’

‘मग तबेल्यावर जाईन.’

मी तोंड सरळ ठेवलं. म्हटलं, मग रविवारी चल की, सगळेच चाललेत. तर मान हलवतो! ‘यंदा नाही. घर बोडकं आहे. पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी! या घरात ‘पुढच्या वर्षी’ टांगलेली कामं इतकी आहेत की खुंट्या संपल्या. तुझ्या बापाचंही असंच होतं, पुढच्या वर्षी म्युनिकला जाऊन थोरल्याला भेटून येतो म्हणायचा. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही त्याला पुरलं. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. मीही सांगणार नव्हते. चिडले की तोंडातून जातं.

उद्या पाद्रीबुवांना गाठते. ते भेटणार नाहीत म्हणतील, तर कबुलीजबाबाच्या खोक्यात जाऊन बसते. तिथून त्यांना पळता येत नाही.

आई
× × ×

ओबरग्राइन, शनिवार, २१ सप्टेंबर

क्विरिन,

आता पत्र पेटीत टाकलं तर जत्रा उलटल्यावर पोचेल, म्हणून हे हातोहात पाठवतेय. शांतपणे वाच.

पाद्रीबुवांना मी खोक्यातच धरलं. म्हटलं, माणूस गेलं तर काळे कपडे घरातलं थोरलं धरतं. पोरं कामाला जातात, बाजारात जातात. मग गाय गेली तर सबंध घराने का बसायचं? ते जाळीतून म्हणाले, ‘आजी, गायीचा शोक चर्चच्या नियमात बसत नाही.’ मी म्हटलं, बसत नसेल, पण त्याने नियम मोडतो का? मोडत नाही म्हणाले. मग मी धरते शोक. मी घरी बसते, जत्रेच्या दिवशी उंबरा ओलांडत नाही, म्हणजे घराने पाळलं. बाकीचे मोकळे. ते म्हणाले, ‘हे पाप म्हणून सांगताय की काय?’

प्रार्थनेनंतर त्यांनीच श्टाडलरला सांगितलं. श्टाडलर एका पायावर तयार. झेंडा धरायला काश्परएवढा उंच दुसरा नाही, आणि बुटक्या माणसाने धरला तर झेंड्याची झालर मागच्याच्या बिअरमध्ये जाते. फुलांच्या गाडीवर आता लिझलची आई बसणार. जिने जन्मभर वय चोरलं ती कालपासून दोन वर्षं वाढवून सांगतेय.

राहिला काश्पर. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘आई, तुलाच तर जायचं होतं.’ मी म्हटलं, मला कुठे जायचं होतं? पहाटे तीनला उठून एका ढोलाशेजारी बसून, तीन तास फुलांत उन्हात शिजत? मला त्या गर्दीत कोण विचारतंय! त्याला खोटं कळतं. तरी विचारलं एवढंच, ‘गायींचं दूध कोण काढणार?’ मी म्हटलं, तू जन्मायच्या आधी कोण काढत होतं? त्यावर तो गेला आणि चामड्याच्या चड्डीला तेल लावत बसला.

आफ्रा आणि पोरगीही येतायत. तुझी पुतणी नऊ वर्षांची आहे, नाक सगळं माझं आलंय, बिचारी. तिला घोडे दाखव. ती प्रश्न फार विचारते, उत्तरं देत जा, कार्डासारखी दोन ओळींची नकोत.

मी डोळ्यांदेखत म्हटलं होतं. सोड ते. मला दिसतंय तेवढं पुरे. तू उजव्या बाजूला बसशील कारण उजव्या कानाने तुला कमी ऐकू येतं, लहानपणी घोड्याने मारलं तेव्हापासून. तो समोर बसणार नाही, शेजारी बसेल, म्हणजे तोंडाकडे बघायला नको. पहिल्या मगाला दोघंही गायींबद्दल बोलाल. दुसऱ्याला बाप निघेल. निघू दे. तिसरा मागवू नका, तो गायला लागतो आणि त्याचा सूर तुला माहीत आहे.

आफ्रा विचारते, अजून काही? अजून खूप आहे, पण उद्या पहाटे मंडळाची बस सुटायची आहे, आणि तिला केस बांधायचेत. (झालं गं. शेवटचं घे.)

क्विरिन, हे पत्र मी काश्परच्या कोटाच्या आतल्या खिशात घालून दिलंय. सांगितलंय, पत्र भावाच्या हातात द्यायचं आणि तो वाचून संपवेपर्यंत हलायचं नाही. आणि तो माझं ऐकतो. म्हणजे तू हे वाचतोयस तेवढा वेळ तो तुझ्या टेबलाशी उभा आहे. सकाळपासून झेंडा धरून त्याचे हात भरून आलेत.

वाचत काय बसलायस? सरक, त्याला जागा दे.

× × ×